जाऊबाईंचा पाठ

४ फेब्रुवारी, सोमवार

प्रशिक्षणाचा पहिला दिवस. बालवर्गाला शिकवणाऱ्या सगळ्या बाया, खुर्च्या मात्र मुलांच्या! गुडघे हनुवटीला टेकत होते. मी मुद्दामच तिथे बसवते. दोन आठवडे या बायाच मुलं, आणि पाळीपाळीने एकीने बाई होऊन इंग्रजी शिकवायचं. आपल्या भाषेतला शब्द तोंडून निसटला की मी टेबलावरची घंटी वाजवते. ही माझी पद्धत. हिच्यावरच तर प्रशिक्षण संस्था मला तुकड्या देते.

दुसऱ्या रांगेत आमच्या मोठ्या जाऊबाई. सकाळी एकाच ओट्यावर डबे भरले आणि शाळेच्या फाटकापाशी त्यांनीच बजावलं, "इथे मी तुझी कोणी नाही." तुकडीत नात्यातलं कोणी चालत नाही, असा आमच्या संस्थेचा नियम. मी माहेरचं आडनाव लावते, ते पथ्यावर पडलं. सांगितलं असतं तर तुकडी हातची गेली असती. गप्प बसले.

मग मुख्याध्यापिका – सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात – येऊन सांगून गेल्या की शेवटच्या पाठात जी नापास होईल तिचा वर्ग काढणार आणि तिला कार्यालयात बसवणार. जाऊबाईंचा चेहरा पडला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, घरात त्यांच्या तोंडी भावजींपेक्षा वर्गातल्या पोरांची नावं जास्त. वर्ग गेला तर या बाईचं कसं होणार, मला खरंच कळत नाही.

५ फेब्रुवारी

"गुड मॉर्निंग चिल्ड्रन"पर्यंत जाऊबाईंची गाडी सुरळीत. पुढे "बसा रे माझ्या राजांनो" आलंच. घंटी. पुन्हा सुरुवात, पुन्हा घंटी. सगळ्या हसल्या. मीही हसले.

घरी जेवताना त्यांनी माझ्याकडे मीठ मागितलं नाही. हात लांब करून स्वतःच घेतलं.

७ फेब्रुवारी

सासूबाई विचारतात, "काय गं, तुम्हा दोघींचं काही बिनसलंय का?" काय सांगू – डोंबल!

९ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. दुपारी स्वयंपाकघरातून आवाज आला म्हणून डोकावले. जाऊबाई ओट्यावर वाट्या मांडून त्यांना इंग्रजी शिकवत होत्या. बिग, स्मॉल, गिव्ह मी द स्मॉल वन, थँक्यू. एकदाही अडल्या नाहीत. चेहऱ्यावर हसू, हातवारे, एका वाटीला तर लाडाने रागावल्यासुद्धा. मी दारात दिसले आणि चिडीचूप. फडकं घेऊन ओटा पुसायला लागल्या.

म्हणजे इंग्रजी येतं. मी समोर असले की येत नाही. वाईट वाटलं. इतक्या वर्षांत माझा धाक कुणालाच वाटलेला नाही, अगदी माझ्या नवऱ्यालाही नाही!

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आज खऱ्या मुलांसमोर सराव. जाऊबाईंची पाळी. वर्गात एक नवी मुलगी, शाळेत नुकतीच घातलेली, कपाळावर केस कापलेले. पाठ सुरू झाला आणि तिने आईसाठी भोकाड पसरलं.

जाऊबाई म्हणाल्या, "डोन्ट क्राय. सिट डाऊन." पोरीला एक अक्षर कळेना. जाऊबाईंनी तेच पुन्हा म्हटलं, हळू आवाजात, मग आणखी हळू. दर वेळी नजर माझ्या टेबलाकडे. पोरगी रडून रडून उचक्या द्यायला लागली आणि बाकाखाली जाऊन बसली. पाठ तसाच पुढे. रंग झाले, आकडे झाले. आपल्या भाषेतला एक शब्द नाही. घंटी एकदाही वाजली नाही. नियमाप्रमाणे सगळ्यांत जास्त गुण मी त्यांनाच दिले. बायांनी टाळ्या वाजवल्या.

घरी त्या ताटावर बसल्या आणि तशाच उठल्या. मी मागोमाग गेले. म्हणाल्या, "एवढंसं लेकरू रडत होतं आणि मी तुझ्या टेबलाकडे बघत होते. आपल्या भाषेत एक वाक्य बोलले असते तर गप्प झाली असती. तुला कळत नव्हतं का?"

कळत होतं. तरी मी पेन धरून बसून राहिले.

१३ फेब्रुवारी

घंटी घरीच ठेवली. बायांना सांगितलं, मूल रडत असेल, घाबरलं असेल, तर आधी त्याच्या भाषेत बोला, त्याला जवळ घ्या. इंग्रजी नंतर. ते कुठे पळून जात नाही. एकीने विचारलं, "मग बाई, कालचं काय?" काल माझं चुकलं, म्हटलं. पण नजरा दिवसभर टेबलाकडेच जात होत्या, सवय कुठे लगेच सुटते!

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचे पाठ. निम्मे गुण संस्थेच्या परीक्षकांचे, निम्मे माझे. परीक्षक आले ते घड्याळ बघतच. जाऊबाई उभ्या राहिल्या आणि ती मुलगी पुन्हा रडायला लागली.

जाऊबाईंनी आज माझ्याकडे पाहिलंच नाही. खाली बसल्या, तिला मांडीवर घेतलं. "आई येणार आहे. शाळा सुटली की फाटकापाशी उभी असणार. कळलं?" पोरीने मान हलवली. मग पिशवीतून भावजींचा निळा मोजा काढला, बटणांचे डोळे लावलेला, आणि हातात घातला. "याला की नाही, आपली भाषा येत नाही. बिचाऱ्याशी कोणी बोलतच नाही. आपण याच्याशी इंग्रजीत बोलू या?" मोजा म्हणाला, "हॅलो." पोरगी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग नाक पुसून म्हणाली, "हॅलो." झालं, सगळा वर्ग मोज्यावर तुटून पडला! माझे डोळे भरून आले होते. खिडकीबाहेर बघत राहिले.

परीक्षकांनी जवळजवळ काहीच गुण दिले नाहीत. म्हणाले, "बाई तर घरच्यासारख्या बोलत होत्या." मी माझे पूर्ण दिले. जेमतेम पास. जाताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

मी नाही म्हणाले. जाऊबाई मागेच बाक सरळ करत होत्या.

घरी नवऱ्याने आइस्क्रीम आणलं. जाऊबाईंनी विचारलं, "त्यांनी किती दिले?" सांगितले. "म्हणजे तुझ्यामुळे पास," एवढंच म्हणाल्या. त्यांचं आइस्क्रीम वाटीत विरघळून गेलं.

१८ फेब्रुवारी, सोमवार

जाऊबाई मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सांगून आल्या – शिकवणारी बाई माझी धाकटी जाऊ आहे, तिचे गुण काढून टाका, माझा पाठ पुन्हा बघा. मला न विचारता! मी भडकलेच. म्हटलं, "वहिनी, तुमचा पाठ चांगला होता. मी खोटे गुण दिले नाहीत."

"गुण खरे होते गं. 'नाही' म्हणालीस ते खोटं होतं. तशा मिळालेल्या वर्गात मला पोरांसमोर उभं राहता यायचं नाही."

"आणि माझं काम?"

त्या भाजी चिरत राहिल्या. मी खोलीत येऊन दार लावून घेतलं. बरोबर कोण आहे हे मला कळतंय, म्हणून तर जास्त राग येतोय. परवा पाठ. मोठ्या बाई स्वतः बसणार. मी शाळेत यायचं नाही, असा त्यांचा निरोप.

२० फेब्रुवारी, बुधवार

जाऊबाई चप्पल न काढताच माझ्या खोलीत आल्या. संस्थेचा फोन मोठ्या बाईंकडे आला होता. मला आता तुकडी मिळणार नाही. हे सांगताना माझे दोन्ही हात धरून त्या लहान मुलासारख्या रडल्या. मी त्यांची पाठ थोपटत राहिले.

मग मीच विचारलं, "आणि तुमचा पाठ?"

"झाला ना पास," म्हणाल्या, आणि पुन्हा रडायला लागल्या.