उघड्यावरची बारा रोपं

३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बेटावरच्या बागेत, माझ्या बियांची बाराही रोपं उणे चार अंशांत उघड्यावर तगली, एक पान काळं पडलं नाही, असं तू लिहितोस. तीस वर्षं मी या टेकडीवर ही झाडं वाढवते आहे. जरा गार वारा लागला की माना टाकतात! तापमापक कुठे टांगलास? उबदार भिंतीला?

टेकडी खोदायला यंत्रं आली आहेत. पुढच्या वर्षी इथे झाड उरणार नाही. यंदाचं सगळं बी तुझ्या एका शब्दावर तिकडे धाडायचं आहे. म्हणून विचारते.

तुझी ताई

१४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू वकील व्हायचीस, चुकून माळीण झालीस. तापमापक मोकळ्यावरच आहे. बागेच्या मुख्य बाई रोज सकाळी रोपं बघतात आणि वहीत 'ठीक' लिहितात. ही म्हणते, ताई देवाचीही उलटतपासणी घेतील. बी लवकर पाठव.

तुझा धाकटा

२५ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

सकाळी बघतात. मग संध्याकाळी कोण बघतं? लहानपणी मेलेलं मांजराचं पिल्लू टोपलीत झाकून तू तीन दिवस 'झोपलंय' सांगत होतास. आताही काहीतरी पांघरतोस ना? झाकून जगवलेलं झाड म्हणजे पुरावा नव्हे, नुसते लाड! अशा दयेनेच वाण बुडतात. पाच दिवस सगळी उघडी ठेव आणि डोळ्यांना दिसेल तेच लिही. बी आणखी दोनच महिने टिकेल.

ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

हिची जुनी रजई होती. अंधार पडताना घालायचो, बाई यायच्या आत काढायचो. मरताना बघवत नव्हतं गं.

पाच दिवस उघडी ठेवली. उणे तीन. अकरा रोपं उकडलेल्या भाजीसारखी काळी पडली. खोडं चिरून पाहिली, आतही तपकिरी. तुझ्या टेकडीच्या कड्यावर एकटं उभं आहे त्या झाडाच्या बियांचं तेवढं एक हिरवं आहे. बाईंना सगळं सांगितलं, मनसोक्त बोलणी खाल्ली. आता तुझी पाळी.

धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अकरा मेली असं लिहिलंस, म्हणून बारावं जगलं यावर माझा विश्वास बसला. बोलणार नाही.

दोन पुड्या पाठवते. मोठीतलं बी काचघरात मावेल तेवढं लाव, बाईंच्या हातापाया पड. लहानीत कड्यावरचं मूठभर आहे, ते उघड्यावर पेर. कड्यावरचं झाड काल पाडलं. आता तेवढंच.

लोभ आहेच, पण किती उगवलं ते खरं लिही.

तुझी ताई