जोडीने आलेले तांदूळ

बा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण या आठवड्यात मला तुझ्याशीच बोलायचं होतं. मी आता डहाणूला मुलाकडे असतो. माझी नात अकरावीत आहे. परवा जेवताना तिने आईला सांगितलं, की तिला मुलगे आवडत नाहीत, वर्गातली एक मुलगी आवडते. तव्यावरची भाकरी करपली तरी कुणी उतरवली नाही. मग मुलगा मला बाल्कनीत घेऊन गेला. म्हणाला, "बाबा, रविवारी हिला घेऊन तुम्ही सायवनला जा. भगत तुमच्या ओळखीतला. तांदूळ बघून कौल देऊ दे." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दाराची कडी लागली का, हेच पुन्हा पुन्हा उठून बघतो.

तुला आठवत असेल. दादा सतरा वर्षांचा होता. नाचणीच्या राखणीला तो आणि पलीकडच्या पाड्यातला त्याचा सोबती शेतातल्या माळ्यावर बसायचे. तू त्यांना हातात हात घेऊन बसलेलं बघितलंस आणि घरी येऊन विळा घासत राहिलास. मग आपण तिघं भगताकडे. आईने घरचे तांदूळ फडक्यात बांधून दिलेत. भगत सुपातून चिमूट उचलतो, दोन-दोन दाणे बाजूला सारतो. शेवटी एकटा दाणा उरत नाही. "जोडीने आले," तो म्हणतो. एवढंच. बाकीचा अर्थ तू लावलास, की जोडी लावून दिली म्हणजे पोर ताळ्यावर येईल. भगताने लग्नाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. परतताना दादा मला म्हणाला, "तांदळाला काय कळतं रे?" तू पुढे चालत होतास. ऐकलंस, पण वळला नाहीस.

होळीच्या आत तू लग्न उरकलंस. वहिनी वर्षभर चुलीपुढे बसून रडली आणि माहेरी गेली. दादा हायवेवर चारोटीला एका ट्रकवर चढला तो परत आलाच नाही. पुढे मरेपर्यंत, आपण चारोटीला गेलो की तू उभ्या ट्रकांच्या केबिनमध्ये डोकावायचास. ड्रायव्हर विचारायचे, "चाचा, किधर जाना है?" तू म्हणायचास, "कहीं नहीं."

काल नातीच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या एक बाई आल्या होत्या. वाढत्या वयातल्या मुलांच्या मनाचा त्या अभ्यास करतात. पालकांना बोलावलं होतं, मुलगा जाईना म्हणून मी गेलो. मी सातवीपर्यंतचा, अर्धं डोक्यावरून गेलं. एवढं कळलं, की कुणाची ओढ वाटावी हे कुणी शिकवत नाही, बऱ्याच पोरांना ते याच वयात आपलं आपल्याला उमगायला लागतं. तो आजार नाही. बदलायला गेलं तर ते बदलत नाही, पोर मात्र खचतं. घरच्यांनी जवळ धरलं तर सावरतं. मी हात वर केला. "बाई, लग्न लावून दिलं तर?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबांना घाई दिसते." लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "कुणाचं लग्न, आजोबा?"

"माझ्या भावाचं. झालं ते."

सगळे गेल्यावर त्या माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसल्या. मी दादाचं सगळं सांगितलं. म्हणाल्या, तुमच्या भावाचा काही दोष नव्हता. मी विचारलं, "आणि माझ्या बापाचा?" त्या म्हणाल्या, "त्यांना सांगणारं कुणी नव्हतं." बा, हे तुला कळवायचं होतं. तुला त्याने बरं वाटेल की नाही, मला ठाऊक नाही.

आज रविवार. सकाळी मुलाला म्हटलं, मी जाणार नाही आणि पोरीलाही नेऊ देणार नाही.

"नुसतं बघायला काय जातं, बाबा?"

"माझा दादा गेला," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. आपल्याला एक काका होता आणि तो हरवला, एवढंच त्याला माहीत होतं. तो सोफ्यावर बसून राहिला. अजून माझ्याशी बोललेला नाही, पण पोरीला चपला घाल असंही म्हणाला नाही.

हे पत्राचे कागद टाकायला पेटी नाही, म्हणून उशीखाली ठेवतो. एक सांगायचं राहिलं. बाईंचं सगळं पटलं होतं, तरी दुपारी सगळे निजल्यावर मी डब्यातून तांदळाची चिमूट ताटात घेतली. दोन दाणे बाजूला सारले, तोच नात आली. "आजोबा, तांदूळ निवडताय?" मी हो म्हटलं. तिने आणखी दोन मुठी ताटात ओतल्या आणि शेजारी बसून खडे काढू लागली.