चोपन्न इंचांचं पोडियम

१४ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा आता कुरकुरत नाही, ती तेवढी कुरकुरते.

या घरातली सगळी दारं, जेवणाचं टेबल, आईची आरामखुर्ची, तुझं शाळेच्या वेळचं अभ्यासाचं मेज, सगळं या दोन हातांचं. कुठेही खिळा नाही. गुरू कुणी नव्हता, मोडक्या खुर्च्या उकलून शिकलो. तुमच्या महिला कारागीर संघाचं पोडियमही माझंच. त्याबद्दलच लिहायचंय.

त्या दिवशी संघाच्या सभेत तू त्यामागे बोलायला उभी राहिलीस आणि सभागृहाला तुझं कपाळ तेवढं दिसलं. "दादा, माप कुणाचं घेतलंस रे?" तू माइकवरूनच विचारलंस. सगळ्या जणी खो खो हसल्या. मी चहाही न घेता निघालो आणि सहा आठवडे तुझा फोन उचलला नाही.

माप माझ्या छातीचं होतं. चोपन्न इंच. तिथे बायका बोलणार हे ठाऊक असून! जन्मात कधी अर्ध्या सुताची चूक केली नव्हती मी.

मंगळवारी तुमच्या अध्यक्षबाई दुकानात आल्या. वाटलं, परत करायला आल्या. त्यांनी सदतीस सभासदांच्या कोपरांच्या उंचीची यादी पुढे ठेवली. म्हणाल्या, "दुरुस्त तुम्हीच करायचं. दुसऱ्याची करवत त्याला लागू देणार नाही."

बारा इंच कापले. काल पोचवलं.

धाकटे, मी तुला कधी रंध्याला हात लावू दिला नाही. "तू पॉलिश कर," एवढंच. नकाशा वाचणं, दर सांगणं, चार माणसांकडून काम करून घेणं, हे सगळं मी शिकवायचं ते त्या बायकांनी शिकवलं. त्यांचे माझ्या वतीने आभार मान. समोर उभं राहून मला जमायचं नाही.

सोमवारी त्या फर्निचर कारखान्यात प्रमुखाच्या जागेसाठी तुझी मुलाखत. मालक विचारतील, "बाईच्या हाताखाली सुतार टिकतील का?" सांग, "टिकतील. पहिला माझा भाऊ येतो."

ते हेच विचारणार, हे मला कसं ठाऊक? परवा ते इथे बसून हेच म्हणत होते. तुझी मुलाखत नावापुरती ठेवून तीच जागा मला देत होते. मी नाही म्हटलं. मला सांगितलेला पगार महिना पंच्याण्णव हजार. त्यातला एक रुपयाही सोडू नकोस.

तुझा,
दादा