बाळाला हात लावण्यापूर्वी

६ जानेवारी, सकाळी ११
लेक समीक्षा बाळाला घेऊन इस्पितळातून घरी आली. माझी पहिली नात. वजन सव्वादोन किलो, म्हणजे कमी. नर्सने बजावलंय, हात धुतल्याशिवाय कोणी बाळाला घ्यायचं नाही. सगळे माझ्याकडे का बघत होते कळलं नाही. खनिजाच्या ट्रकांच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली. हात धुणं मला कोण शिकवणार? घरातल्या स्वच्छतेची जबाबदारी मी घेत असल्याचं बायकोला सांगितलं. देवकी बरं म्हणाली.

दुपारी ३
आपल्या पद्धतीने धुतले. कपड्यांची पावडर, मूठभर लाकडाचा भुसा, वरून कढत पाणी. खाणी चालू होत्या तेव्हाचं ग्रीससुद्धा नखांतून निघालं. बाळाला तीन मिनिटं घेतलं. झोपलेलं होतं, पण मला ओळखलं असावं.

८ जानेवारी
भिंतीवर नियम चिकटवला. दर तासाला हात धुणे. पाळतो एकटा मी. देवकीचं धुणं म्हणजे कोमट पाणी, साधा साबण, आणि तुवाल्याने नुसतं टिपून घ्यायचं. चोळत नाही. वर समीक्षाने आणलेलं क्रीम लावते. समीक्षा मलाही म्हणाली, "बाबा, हात ओलसर असतानाच लावा, नाहीतर चिरतील." क्रीमवर धूळ बसते हे तिला कुठून माहीत? ती बँकेत आहे.

११ जानेवारी
हात पांढरे दिसू लागलेत. स्वच्छतेचा परिणाम. मूठ मिटताना कातडी ओढते. थंडी आहे.

१२ जानेवारी
आज पेडण्याहून जावई गौरेश आणि विहीणबाई सुमनताई यायच्या होत्या, आणि नेमका सॅनिटायझर संपला. डोकं चालवलं. कपाटातल्या बाटलीतली काजूची फेणी दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळली. मिरची वाटल्यासारखी आग झाली, म्हणजे जंतू मरत होते.
तेवढ्यात गाडी आली. वेळ सकाळचे दहा. मी वाकून नमस्कार केला आणि विहीणबाई एक पाऊल मागे सरल्या. फेणी फक्त हाताला लावलीय, असं मी गौरेशला तीनदा सांगितलं. तो तीनदा हो म्हणाला. बाळ काही माझ्याकडे कोणी दिलं नाही.

१४ जानेवारी
बारसं. पहाटेपासून सहा वेळा हात धुतले. मांडीवर बाळ दिलं. दोन मिनिटांत समीक्षाला बाळाच्या टोपड्यावर रक्त दिसलं. तिने बाळाला उघडं करून डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. रडायलाच लागली. मग माझी बोटं बघितली. सांध्यांवर चिरा पडल्या होत्या, रक्त तिथलं. बाळ उचलून नेलं. नाव आनंदी ठेवलं. मला दारातून ऐकू आलं.
घरात सगळ्यात जास्त हात कोणी धुतले? मी. आणि शिक्षा कोणाला?

१५ जानेवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चिरा पिकल्यात, भरेपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. कढत पाणी बंद, पावडर बंद. मऊ साबण, कोमट पाणी, टिपून घ्या, लगेच क्रीम. वयाने लहान आहेत. अनुभव कमी. शेजारी बसलेल्या देवकीने प्रत्येक सूचनेला मान डोलावली. मुद्दाम.

१९ जानेवारी
चिरा मिटत आल्या होत्या. शेजारच्या विठूचा पाण्याचा पंप बंद पडला. पाच मिनिटांचं काम म्हणून गेलो, तीन तास लागले. हात काळे. मग पावडर वापरावी लागली, दुसरा इलाज काय? चिरा पुन्हा उघडल्या. चूक पंपाची.
आनंदी आता दिव्याकडे बघते म्हणतात. मी खोलीच्या दारातून बघतो.

२ फेब्रुवारी
गेले दहा दिवस देवकीच्या डब्यातलं क्रीम लावतोय. तिला माहीत नाही. एक शोध लागलाय. हात ओलसर असतानाच लावलं तर ते नीट मुरतं. ही गोष्ट कोणी सांगत नाही.
देवकीने डब्यावर माझं नाव लिहून ठेवलंय. कधी लिहिलं?

१० फेब्रुवारी, सायंकाळी ६
सकाळी डॉक्टरीणबाईंनी हात उलटेपालटे करून बघितले आणि परवानगी दिली. धावत घरी आलो. आज समीक्षाला सासरी न्यायला येणार हे ठाऊक होतं, पण वेळ दुपारची ठरली होती. बघतो तर सामान गाडीत, आनंदी सुमनताईंच्या मांडीवर. मी काचेतून दोन्ही हात दाखवले. विहीणबाई हळू म्हणाल्या, "तेका उठयू नकात. आत्ताच निजलाहा."
समीक्षाने माझे हात हातात घेऊन बघितले. छान झालेत म्हणाली. पेडण्याला या म्हणाली. गाडीचं दार मी लावलं, आवाज होऊ न देता.
आता देवकीने पाहुण्यांची उष्टी भांडी पुढ्यात आणून ठेवलीत. हात बरे झालेत ना, म्हणते.