मूठ म्हणजे थांब

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ७ वाजून ४० मिनिटे.

बांधकाम चालू असलेल्या गोदामाच्या नवव्या खांबापाशी उभा राहून मी क्रेनला हाताने इशारे देत होतो. पाइपांचा गठ्ठा खाली येत होता. तेवढ्यात वेल्डर आपलं सामान उचलायला बरोबर गठ्ठ्याखाली वाकला. मी मूठ वर केली. मूठ म्हणजे थांब. गठ्ठा थांबला नाही!

मी जिवाच्या आकांताने ओरडलो. केबिनची खिडकी उघडी होती, म्हणून वर ऐकू गेलं. गठ्ठा थांबला तो वेल्डरच्या हेल्मेटपासून अंदाजे चाळीस सेंटिमीटरवर. टेप लावून मोजणारच होतो.

वेल्डर म्हणाला, "तुझ्या मामाला सांग, टोपीचं माप हवं असेल तर तोंडाने मागावं!"

क्रेन माझे मामा चालवतात. सव्वीस वर्षं. नववीत माझी शाळा सुटली तेव्हा त्यांनीच मला घरात घेतलं. महिन्यापूर्वी इशाऱ्याच्या कामावर लावलं तेही त्यांनीच. खाली उतरल्यावर म्हणाले, "ऊन आलं रे डोळ्यांवर."

आज दिवसभर आभाळ भरलेलं होतं.

बुधवार, ५ मार्च.

अजून विश्वास बसत नाही. नीट क्रमाने लिहितो.

अकरा वाजता लोखंडी तुळई उतरवायची होती. मी हात उचलणार, तर कालचं डोळ्यांपुढे आलं आणि जागच्या जागी थिजलो. हात खालीच. आणि तुळई उतरायला लागली! सावकाश, सरळ, जाऊन जागेवर बसली. बोटभरही चूक नाही. बाकीचे म्हणाले, वा!

डबा खाताना म्हणालो, "मामा, मी हात केलाच नव्हता."

"केलास की."

"नाही केला."

मामा डब्याचं झाकण चाचपत होते. झाकण त्यांच्या गुडघ्याला लागून पडलं होतं. म्हणाले, "मग देवाने केला असेल. सव्वीस वर्षांत त्याने माझ्या हातून कुणाला खरचटू दिलं नाही."

मी त्यांच्यासमोर मूठ धरली. "हे काय आहे?"

डोळे बारीक करून पुढे वाकले. मग, "गप जेव."

मामांना दिसत नाही! समोर धरलेली मूठ दिसत नाही!

देवावर भरवसा माझाही आहे. पण खाली वेल्डर उभा असतो. त्याला कुणी विचारलं?

साहेबांना सांगितलं तर मामांची नोकरी जाईल. निवृत्तीला दीड वर्ष उरलं आहे. मामी मला आधी वाढते, मग स्वतःच्या मुलांना. तिच्या पोटावर मी पाय द्यायचा? आणि नाही सांगितलं तर — ते लिहवत नाही.

देवा, मार्ग दाखव. उद्या साहेब स्वतःहून माझ्याशी बोलले तर ती तुझी खूण समजेन आणि सांगून टाकेन.

गुरुवार, ६ मार्च.

साहेब बोलले. "बाजूला हो," म्हणाले. हे बोलणं धरायचं का? मी धरलं नाही.

दिवसभर हाताबरोबर ओरडूनही इशारे दिले. घसा पार बसला आहे.

शुक्रवार, ७ मार्च.

सकाळी १० वाजून ५ मिनिटे. वेल्डर पुन्हा गठ्ठ्याखाली! मी मूठ वर केली, तोंड उघडलं — आवाजच फुटेना! धावलो. कॉलर धरून त्याला ओढलं. दोघेही चिखलात. गठ्ठा टेकला तो जिथे त्याचे पाय होते तिथेच.

या वेळी त्याने विनोद केला नाही.

मी उठलो तो तडक साहेबांच्या खोलीत. खूण वगैरे काही आठवलं नाही. बसक्या आवाजात सगळं सांगितलं, तारखा-वेळांसकट. साहेबांनी क्रेन बंद करायला लावली.

मामा शिडी उतरताना दिसले. प्रत्येक पायरी पायाने शोधत होते. इतके दिवस मी खालीच बघत होतो!

सहा वाजून गेले. घरी जायचं धाडस नाही. सामानाच्या खोलीत बसून लिहितो आहे. देवा, मी बरोबर केलं का, एवढं तरी सांग.

शनिवार, ८ मार्च.

काल रात्री मामाच मला न्यायला आले. मामीचा हात धरून. मी पाया पडायला वाकलो तर खांदा धरून उठवलं. म्हणाले, "चार महिने देवाला सांगत होतो, मला दिसेनासं झालंय हे माझ्या तोंडून निघत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून काढ. म्हणूनच तुला इशाऱ्याला मागून घेतलं. एवढा वेळ का लावलास रे?"