पोटाला शिवलेला हात

पालघर, ९ ऑगस्ट १९८६

तीर्थरूप आईस,

एका हाताने नमस्कार. उजवा हात पोटाला शिवलाय. घाबरू नकोस, डॉक्टरांनीच शिवलाय. कारखान्यात प्रेसखाली बोटाचं मांस गेलं, हाड उघडं पडलं. त्यावर पोटाची कातडी धरली की तीन आठवड्यांनी हात सोडवतील. बोट वाकेल का विचारलं, तर डॉक्टर नुसते हसतात. तुझी सून सुगंधा सरावलीहून रोज डबा आणते, जेवणाचे हाल नाहीत.

हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असते ती जाळी सुपरवायझर वाघचौरेनं काढून ठेवली होती, माल भराभर निघावा म्हणून. परवा तो सफरचंदं घेऊन आला, आणि एक कागद. त्यावर लिहिलेलं, चूक माझीच. म्हणाला, "अंगठा लाव." मी म्हटलं, "साहेब, सातवी पास आहे मी. हात सुटला की सही करतो." खूश होऊन गेला. सफरचंदं मी बियांसकट खाल्ली.

म्हैस व्याली का? तुझा गुडघा कसाय? बाबांना एवढंच सांग की खरचटलंय.

आई, लहानपणी मी डाव्या हातानं लिहायला बसलो की तू त्यावर लाटणं हाणायचीस. मग मी उजव्यानं शिकलो, पण डावा विसरला नव्हता. त्याच हातानं काल सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरला चार पानं लिहिली. जाळी कुणी काढली, कुठल्या दिवशी, सगळं. खाली सही ठोकली. सुगंधानं ती पोस्टातही टाकली.

वाघचौरे अजून माझा उजवा हात सुटायची वाट बघतोय.

लाटणं जरा हलक्या हातानं मारायचीस, ते बरं केलंस.

तुझा डावखुरा,
पुंजाराम