रंग, रॉकेट आणि मेव्हणा

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०
आजपासून सूड. ही डायरी त्यासाठीच आणली आहे. बायकोला सांगितलं, ऑफिसच्या नोंदींसाठी आहे.

प्रकरण असं. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आणि मी, दोघांचा पॉडकास्ट. ‘रंग आणि रॉकेट’. दोन वर्षं झाली. पहिल्या अर्ध्यात तो एखाद्या कलाकाराशी त्याच्या एका चित्रावर गप्पा मारतो. दुसऱ्या अर्ध्यात त्याच चित्रातून सुचलेली विज्ञानकथा मी सांगतो. म्हणजे रॉकेट मी. परवाच्या भागात चित्र होतं रिकाम्या खुर्चीचं. मी बावीस मिनिटांची गोष्ट रेकॉर्ड केली. खुर्ची तीन हजार वर्षं पुढची, तिच्यावर बसणारा अजून जन्मायचा आहे. भागात आली किती? चार मिनिटं! विश्वाची उत्पत्ती अख्खी उडवली. जाब विचारला तर म्हणतो, भावोजी, लोक खुर्चीची वाट बघत होते आणि तुम्ही नवव्या मिनिटालाही महास्फोटातच होतात.

जागच्या जागी राजीनामा दिला. नाक घासत माफी मागायला येईपर्यंत मी त्या शोमध्ये पाऊल ठेवणार नाही. आठ दिवस लागतील. फार तर नऊ.

५ मार्च, गुरुवार
आला नाही. लाजत असेल.

८ मार्च, रविवार. दुपार
त्याचा नवा भाग आला. गोष्टच नाही! नुसत्या गप्पा. चुका शोधायला तीनदा ऐकला. एके ठिकाणी मेव्हणा शिंकतो, ती वेळ लिहून ठेवली आहे. एक तारा दिला. बायको अंघोळीला गेली तेव्हा तिच्या फोनवरूनही एक तारा दिला. तिने बाहेर येऊन पाहिलं आणि त्याचे पाच केले. घरभेदी.

तिचं म्हणणं, एवढा जीव जळतोय तर फोन कर त्याला. मी म्हटलं, जीव कोणाचा जळतोय ते जगाला कळेलच.

९ मार्च, सोमवार
निर्णय. स्वतःचा पॉडकास्ट. नाव: ‘अस्सल रंग, अस्सल रॉकेट’. गप्पाही मी, गोष्टही मी. गप्पा म्हणजे काय, समोरच्याचं ऐकायचं. आणि ऐकणं तर माझा पेशाच आहे. लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर अकरा वर्षं काढली आहेत.

पहिली गोष्ट मनात तयार. सातव्या ग्रहावरचा क्रूर काटछाट-अधिकारी. डोक्याला टक्कल, कानामागे पेन्सिल, दिसेल त्या गोष्टीला कात्री. मेव्हण्याशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजू नये.

११ मार्च, बुधवार. ऑफिस
देव आहे! आज टेबलावर फोन आला, लिफ्ट बंद, मातीची पोती तीन मजले चढवायची कशी. आवाज ओळखला नाही, पण नाव ऐकलं आणि खुर्चीतून उठलोच. शिल्पकार बाई! मातीची माणसांची डोकी घडवतात त्या. मेव्हणा वर्षभर त्यांच्या मागे आहे, त्या कोणालाच मुलाखत देत नाहीत. मी तासाभरात मेकॅनिक पाठवला आणि संध्याकाळी स्वतः जाऊन मुलाखत मागितली. बाई म्हणाल्या, बघू. मी म्हटलं, लिफ्ट पुन्हाही बिघडू शकते. हसत हसत म्हटलं. त्या हसल्या नाहीत, पण रविवारी येते म्हणाल्या.

वर्षभर तो करतो काय आणि दोन दिवसांत मी काय केलं!

१४ मार्च, शनिवार
स्टुडिओ तयार. बेडरूमच्या खिडकीला गादी उभी लावली. आवाज घुमू नये म्हणून कपाटातले सगळे कपडे दोरीवर टांगले. बायको म्हणाली, आज झोपायचं कशावर? मोठं काम करणाऱ्याला माणसं असंच विचारत आली आहेत.

दोन माइक आणले, एक माझा, एक पाहुण्याचा. रेकॉर्डरला दोन बटणं आणि दोन दिवे. तिकडे ही हमाली मेव्हणा करायचा आणि तिलाच कला समजायचा. बटणं दाबायला काय अक्कल लागते?

१५ मार्च, रविवार. संध्याकाळ
ऐतिहासिक! दोन तास मुलाखत. बाई भारावून गेल्या असाव्यात, कारण सारख्या बोलायला तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. मी त्यांना त्यांच्या कामाचा अर्थ समजावून सांगितला. शेवटी सातव्या ग्रहाची गोष्ट सांगितली. तेव्हा मात्र त्यांनी कप खाली ठेवला आणि एकटक ऐकत राहिल्या. चहा तसाच राहिला. जाताना म्हणाल्या, गोष्ट चांगली आहे तुमची. एवढंच. अर्थात आणखी काय म्हणणार!

मेव्हण्या, संपलास.

१६ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
बाईंचा आवाज नाही.

सकाळी ७.३०
पुन्हा ऐकलं. माझा आवाज खणखणीत. बाईंच्या जागी शांतता. दुसऱ्या माइकचं बटण दाबलंच नव्हतं. एक दिवा लागलेला पाहिला आणि मला वाटलं, दोन दिवे कशाला हवेत. रेकॉर्डर बनवणाऱ्यांनी हे नीट लिहायला नको? छापलंय, पण बारीक अक्षरात.

एक जमेची बाजू. बाईंच्या शांतता घड्याळ लावून मोजल्या. दोन तासांत मिळून अकरा मिनिटं. म्हणजे नुकसान फारसं नाही.

१७ मार्च, मंगळवार
उपाय सापडला. प्रतिभा म्हणतात ती हीच! मुलाखत जशीच्या तशी प्रसिद्ध केली. सुरुवातीला जोडलं की आजच्या पाहुण्या परग्रहावरच्या आहेत, त्यांचा आवाज मानवी कानांना ऐकू येत नाही. कला आणि विज्ञानकथा एकाच भागात. हे मेव्हण्याला सात जन्मांत सुचलं नसतं.

१९ मार्च, गुरुवार
पहिली प्रतिक्रिया आली. कोणीतरी लिहिलंय, पाहुण्यांची दया आली. याला म्हणतात श्रोता! परग्रहावरच्या एकटेपणापर्यंत पोचला.

२० मार्च, शुक्रवार
मेव्हण्याचा बायकोला फोन. रविवारी घरी येतोय, भावोजींशी बोलायचंय.

शरण! सतराव्या दिवशी का होईना. बायको म्हणाली, फक्त त्याला बोलू दे. मी म्हटलं, माफी म्हटलं की तो बोलणारच. तयारी सुरू. त्याच्या अपराधांचे सतरा मुद्दे काढले. त्याची माफी रेकॉर्ड करून पुढच्या भागात लावणार. दोन्ही माइक पुस्तकांच्या मागे. दोन्ही बटणं. दोन्ही दिवे. चार वेळा तपासले.

२२ मार्च, रविवार. संध्याकाळी ६
दिग्विजय. बावन्न मिनिटं त्याला एक शब्द काढू दिला नाही. सतराच्या सतरा मुद्दे, वर दोन आयत्या वेळी सुचलेले. शिंकेचासुद्धा हिशेब मांडला. शेवटी उभा राहून सांगितलं, मी मेलो तरी तुझ्या शोमध्ये परत येणार नाही. मान खाली घालून गेला. माफी मागायलाही तोंड उरलं नाही त्याला!

बायको मधल्या खोलीत ऐकत होती. चहाचा कप माझ्यापुढे आदळून गेली. भावाचा पराभव झोंबणारच.

२३ मार्च, सोमवार. दुपारी १२, रजेवर
विजय पुन्हा ऐकावा म्हणून बसलो. या वेळी दोन्ही माइकवर आवाज आलाय. माझा बंद करून नुसता त्याच्या बाजूचा ऐकला.

सहावं मिनिट: भावोजी, चुकलं माझं.
चौदावं: ती गोष्ट कापायला नको होती, मला विचारायला हवं होतं तुम्हाला.
एकोणिसावं: शिल्पकार बाई भेटल्या. म्हणाल्या, त्या गृहस्थांना बोलता येत नाही, पण गोष्ट सांगता येते, त्यांना परत घे.
तिसावं: बाई आपल्या शोवर यायला तयार आहेत. गोष्ट तुमचीच हवी म्हणतात.
एक्केचाळिसावं: तुमच्याशिवाय मजा येत नाही हो.
बावन्नावं: बरं.
मग दाराचा आवाज.

मी तिथेच होतो. समोरच्या खुर्चीत. एक शब्दही ऐकलेला नाही.

दुपारी १२.४०
बायकोला म्हटलं, तू का नाही सांगितलंस? म्हणाली, दोनदा आत आले होते. तू हात करून मला गप्प बसवलंस.

२४ मार्च, मंगळवार. सकाळी ९
मेव्हण्याला फोन केला. कागदावर एकच ओळ लिहून घेतली होती, परत येतो म्हणून. ती वाचायच्या आधी तोच बोलला. भावोजी, तुमच्या शब्दाला मान देऊन कालच शो बंद केला. बाईंनाही कळवलं. गोष्ट नसेल तर नुसत्या गप्पांत काय राम आहे? दोन वर्षं छान गेली, मनात काही ठेवू नका.

मी मधे बोललो नाही. कागदाची घडी करून खिशात ठेवली.

सूड पूर्ण झाला.